वाचकांचं टपाल : 'ॲडोलसन्स' बघून झाल्यावर घरोघरी झालेली भांडणं

मागच्या अंकात मी 'ॲडोलसन्स'बद्दल जेमतेम पाच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे मेल आणि व्हॉइस नोट्स आल्यात की या वेळी बाकीच्या सगळ्या मालिकांना सुट्टी. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ब्रिटिश मालिका, फक्त चार भाग. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका साध्या घरात पहाटे पोलीस दार फोडून घुसतात आणि तेरा वर्षांच्या जेमी मिलरला उचलतात, वर्गातल्या केटी नावाच्या मुलीचा खून केल्याच्या संशयावरून. बाप एडी प्लंबर, आई मँडा, मोठी बहीण लिसा. बस एवढंच घर. पुढे मी सगळं फोडणार आहे, तेव्हा बघायची असेल तर आधी बघून या, मासिक कुठे पळून जात नाही.

"मॅडम, पहिल्याच भागाच्या शेवटी सीसीटीव्हीत पोरगा चाकू मारताना दिसतो. खुनी कळला, विषय संपला. मग पुढचे तीन भाग कशासाठी? आम्ही उभ्या आयुष्यात इतका बिनसस्पेन्सचा क्राइम ड्रामा पाहिला नाही."
*निवृत्त बँक अधिकारी, सांगली*

काका, तुमचा राग समजतो. आपल्याला खुनी शेवटच्या भागात लागतो, तोपर्यंत प्रत्येक नोकर, प्रत्येक जावई संशयित हवा. इथे ती मजा मुद्दामच काढून घेतलीय. पण तुम्ही तो सीन परत बघा, सीसीटीव्हीच्या स्क्रीनकडे नाही तर एडीकडे बघा. तिथल्या कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या चौकशीत एक मोठं माणूस सोबत बसवावं लागतं, जेमीने बापाला निवडलेलं असतं, म्हणजे तो व्हिडिओ बापाला पोराच्या शेजारी बसून बघावा लागतो, आणि त्याआधी तासभर पोरगा एकच वाक्य घोकतोय की मी काही केलं नाही आणि बापाने त्यावर विश्वास ठेवलाय. खून कोणी केला हा प्रश्न तिथे संपतो हे खरं. पण आता या पोराकडे बघायचं कसं, हा एडीचा प्रश्न तिथे सुरू होतो आणि पुढचे तिन्ही भाग त्याचे आहेत. नाही आवडलं तर नाही आवडलं, पण विषय संपला म्हणू नका.

"ताई, ह्या सिरियलीवरनं आमच्यात दोन दिवस बोलणं बंद होतं. मालक म्हणतात आईनं लक्ष दिलं नाही, मी म्हणते बापाचा रागीटपणाच पोरात उतरला. तुम्हीच सांगा, चूक कुणाची?"
*एक गृहिणी, कोल्हापूर*

अहो वहिनी, मला कशाला मध्ये घेताय! हा प्रश्न तब्बल एकवीस जणांनी विचारलाय, म्हणजे कोल्हापूर एकटं नाही. आणि गंमत अशी की स्वतः एडी आणि मँडा चौथ्या भागात पलंगावर बसून हेच भांडण भांडतात, फक्त तुमच्यापेक्षा हळू आवाजात.

आधी मालकांचा मुद्दा घेऊ. पोरगा शाळेतून यायचा, दार आपटून खोलीत जायचा, कॉम्प्युटरपुढे बसायचा, रात्री एक वाजता खोलीतला लाइट दिसायचा, आई दार वाजवून म्हणायची झोप आता, लाइट बंद व्हायचा, बोलणं शून्य. आता सांगा, आपल्याकडे दहावीच्या पोराच्या घरात यापेक्षा वेगळं काय असतं? त्यांना वाटलं पोरगं खोलीत आहे म्हणजे सेफ आहे. बाहेर रस्त्यावर असतं तर काळजी केली असती. आणि हे सगळं आईच्याच खात्यावर का मांडायचं, रात्री एक वाजता बापही घरातच होता की.

आता तुमचा मुद्दा. एडीला राग येतो हे खरंय, जेमी सांगतो की बाबांनी एकदा रागात शेड पाडून टाकली होती, आणि चौथ्या भागात व्हॅनवर पोरांनी काहीतरी घाण लिहिलेलं असतं तेव्हा तो भर पार्किंगमध्ये काय करतो ते आपण बघतोच, अख्खा रंगाचा डबा गाडीवर. बायको आणि पोरगी त्याच्या मूडप्रमाणे आवाज वर-खाली करतात, हे फार बारीक पकडलंय, आपल्यातल्या पुष्कळ बायकांना ते सांगावं लागणार नाही. पण त्याच एडीला त्याच्या बापाने पट्ट्याने फोडून काढलेलं असतं आणि त्याने ठरवलेलं असतं की मी माझ्या पोरांवर हात टाकणार नाही, आणि तो शब्द त्याने पाळलाय. म्हणजे बापापेक्षा बरा बाप झाला बिचारा आणि तरी हे झालं.

मला विचाराल तर माझं बोट तिसऱ्याच जागी आहे. तिसऱ्या भागात जेमी सांगतो की बाबांनी त्याला फुटबॉलला घातलं, तो भिकार खेळायचा, बाकीचे बाप हसायचे, आणि बाबा तेव्हा दुसरीकडे बघायचे. ओरडले नाहीत, मारलं नाही, नुसती नजर वळवली. चौथ्या भागात एडी हेच स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, की मला त्याच्याकडे बघवेना. आपल्याला वाटतं आपण पोराला लाज वाटू नये म्हणून मान फिरवली, पोराला काय दिसतं तर माझ्या बापाला माझी लाज वाटते. आता यामुळे कुणी खून करतो का? अजिबात नाही, लाखो पोरांचे बाप असे मान फिरवतात. मालिकाही तसं म्हणत नाही. पण 'चूक कुणाची' याचं उत्तर म्हणून कुणाचं एकाचं नाव द्यायची माझी तयारी नाही आणि तुमच्यासाठी तर मुळीच नाही, परत दोन दिवस बोलणं बंद व्हायचं. शिवाय त्याच घरात लिसाही वाढलीय. एडी विचारतो, ही कशी काय इतकी चांगली निघाली, आणि मँडा म्हणते, त्याला जसं वाढवलं तसंच हिला. मालकांना हे वाक्य ऐकवा.

"माझा मुलगा आठवीत आहे. त्या इमोजीचं सगळं खरं आहे का हो? मला तर लाल बदाम आणि पिवळा बदाम यात फरक असतो हेच माहीत नव्हतं."
*एक आई, चिंचवड*

दुसऱ्या भागात पोलीस इन्स्पेक्टर बॅस्कमही तुमच्याइतकाच अडाणी निघतो, दिलासा घ्या. केटीने जेमीच्या इन्स्टावर टाकलेल्या इमोजींच्या कमेंट्स बघून त्याला वाटतं दोघांची मैत्री होती. त्याचा स्वतःचा मुलगा, ॲडम, त्याच शाळेत असतो, तो बापाला बाजूला घेऊन सांगतो की बाबा तुम्ही उलटं वाचताय. त्या खुणांचा अर्थ ती जेमीला 'इन्सेल' म्हणतेय. इन्सेल म्हणजे ज्याला कुणी पोरगी कधीच पत्करणार नाही असा, आणि त्या नावाखाली इंटरनेटवर अख्खी जमात आहे जी त्याचा राग बायकांवर काढते. '८०-२०' म्हणून एक थिअरीही तिथे चालते की ८० टक्के मुलींना फक्त २० टक्के मुलगेच आवडतात. कसल्या अभ्यासातून आलं विचारू नका, आकडा टाकला की पोरांना ते गणित वाटतं.

तुमच्या मुलाचे आणि त्याच्या मित्रांचे बदाम मालिकेतल्याच अर्थाचे असतील असं नाही, हे कोड गल्लीगल्लीत बदलतं. मी माझ्या भाच्याला, नववीत आहे, विचारलं की पिवळ्या बदामाचा अर्थ काय, तर तो म्हणाला "मावशी, सीएसके". आता बोला. पण मी विचारलं याचं त्याला बरं वाटलं असावं, नंतर अर्धा तास तो मला बाकीचे अर्थ समजावत होता आणि त्यातले दोन मी इथे छापू शकत नाही.

"प्रत्येक भाग एकाच शॉटमध्ये घेतलाय असं सगळे सांगतात. खरंच एकही कट नाही का जॉइंट लपवलेत? आमच्या कॉलेजात यावर पैज लागलीय."
*मास मीडियाचा विद्यार्थी, ठाणे*

पैज 'एकच शॉट' म्हणणाऱ्याने जिंकली, पार्टी कधी ते कळव. दिग्दर्शक फिलिप बॅरन्टिनी आणि कॅमेरामन मॅथ्यू लुईस. एका भागाला साधारण तीन आठवडे, आधी कलाकारांची तालीम, मग कॅमेरा आणि तांत्रिक लोकांची, आणि शेवटच्या आठवड्यात दिवसाला दोन टेक. चुकलं तर पहिल्यापासून, म्हणजे पन्नासाव्या मिनिटाला कुणी वाक्य विसरला तर सगळे परत शून्यावर, आपल्या प्रायोगिक नाटकवाल्यांना हे ऐकून घाम फुटेल नाहीतर हेवा वाटेल. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा शाळेबाहेरून उडतो, घरांवरून जातो आणि खून झाला त्या जागी एडी फुलं घेऊन येतो तिथे खाली उतरतो, तर तो खरोखर तोच कॅमेरा ड्रोनला अडकवला आणि पलीकडे माणसांनी पकडून हातात घेतला.

आणखी एक, तुला आवडेल. तिसरा भाग, जेमी आणि सायकॉलॉजिस्ट ब्रायनी यांचा, सगळ्यात आधी शूट झाला. जेमी झालेला ओवेन कूपर, याने त्याआधी कॅमेऱ्यासमोर काहीच केलेलं नव्हतं आणि पहिलंच काम म्हणजे एका खोलीत एरिन डोहर्टीसमोर जवळजवळ तासभर. मधेच तो जांभई देतो आठवतंय? ती खरी जांभई होती, पोरगं दमलं होतं, आणि डोहर्टीने तिथल्या तिथे विचारलं की मी तुला बोअर करतेय का, तर तो हसतो आणि ते तसंच ठेवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला एमी हे टीव्हीचं मोठं बक्षीस मिळालं, वय पंधरा, अभिनयाचं एमी घेणारा आजवरचा सगळ्यात लहान पुरुष कलाकार.

काही जण म्हणतात ही नुसती कसरत आहे. दुसऱ्या भागात मलाही अधूनमधून वाटलं, कॉरिडॉरमधून किती चालायचं. पण तिसऱ्यात नाही. जेमी खुर्ची सोडून ओरडत उठतो तेव्हा कट असता तर आपण श्वास घेतला असता. इथे बापासारखी मान फिरवायची सोयच ठेवलेली नाही.

"मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. दुसऱ्या भागात सगळे शिक्षक मूर्ख आणि वर्ग म्हणजे बाजार दाखवलाय. हे काही पटलं नाही."
*निवृत्त शिक्षिका, कराड*

बाई, इथे मी तुमच्या बाजूची. हा भाग मला चौघांत सगळ्यात कच्चा वाटला. सर मुलांना व्हिडिओ लावून देतात, मुलं पोलिसांना टोमणे मारतात, फायर अलार्म वाजतो, ठीक आहे, पण एखादी तरी बाई किंवा सर असे असतात ज्यांना मुलं घाबरत नाहीत पण सांगतात, ते एकही दिसत नाही. आणि ॲडमने येऊन सगळा कोड नीट सोडवून देणं जरा सोयीचंच झालं लेखकांच्या. एक मात्र कबूल करा, केटीची मैत्रीण जेड, तिच्याशी कुणालाच धड बोलता येत नाही आणि ती एकटी चालत निघून जाते, ते बघून तुम्हाला एखादी विद्यार्थिनी आठवली असणार.

"ज्या मुलीचा जीव गेला ती कुठे आहे? चार तास खुनी मुलगा, त्याचा बाप, त्याचं रडणं. केटीच्या आईबापांचा एक सीन नाही. मला हे बघून चीड आली आणि सगळे कौतुक करतायत म्हणून जास्त आली."
*नर्स, नाशिक*

ही चीड मला सगळ्यात जास्त पटली आणि यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. लेखकांना हे माहीत होतं एवढं नक्की, कारण दुसऱ्या भागात मिशा फ्रँक, ती बॅस्कमच्या सोबतची पोलीस बाई, हेच बोलून दाखवते की लोकांच्या लक्षात जेमी राहील, केटी कुणाच्या लक्षात राहणार नाही. पण नुसतं बोलून दाखवलं म्हणजे हात धुतले असं होतं का? मला नाही वाटत. केटीचा उघडा फोटो पोरांनी फिरवला, ती त्याने मोडून पडली असेल आणि आता हिला आपण चालून जाऊ असं धरून जेमीने तिला जत्रेला चल म्हणून विचारलं, तिने झिडकारलं आणि मग चिडवलं, एवढंच आपल्याला तिच्याबद्दल कळतं आणि तेही जेमीच्या तोंडून. आमच्या एका पुरुष वाचकाने तर लिहिलंय की "मुलीनेही त्याला छळलंच होतं ना". म्हणजे बघा, जागा रिकामी सोडली की तिथे काय येऊन बसतं.

लेखक म्हणतात त्यांना मारणारा मुलगा असा का झाला हेच बघायचं होतं. त्यांचा हक्क आहे. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती, मला नंतर कळली. केटी झालेली मुलगी, एमिलिया हॉलिडे, पडद्यावर जवळजवळ नाहीच, पण मालिकेच्या संगीतात तिचा आवाज वापरलाय. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो ड्रोन उडतो तेव्हा मुलांचं गाणं येतं ना, त्यात ती आहे. तुमचा राग यावर शांत व्हावा असं नाही, माझाही झालेला नाही.

"ही सत्यघटना आहे आणि खरा आरोपी वेगळ्या वंशाचा होता, मुद्दाम गोरा दाखवला, असा फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. खरं काय?"
*एक वाचक, डोंबिवली*

खोटं आहे, ग्रुपवर टाका. कुठल्याही एका घटनेवर ही मालिका नाही. स्टीफन ग्रॅहम, जो एडी झालाय आणि जॅक थॉर्नबरोबर सहलेखकही आहे, त्याने अल्पवयीन मुलांनी मुलींना भोसकल्याच्या बातम्या एकामागून एक ऐकल्या, एक लिव्हरपूलची, एक लंडनमधल्या क्रॉयडनची, आणि त्याला प्रश्न पडला की हे काय चाललंय. फॉरवर्डमध्ये इंग्लंडमधल्या साउथपोर्टच्या चाकूहल्ल्याचं नाव घेतात, तो जुलै २०२४ च्या शेवटचा, मालिकेची स्क्रिप्ट त्याआधी तयार होती. थॉर्नने स्वतः हा वंशाचा आरोप खोडून काढलाय.

"हेच आपल्याकडे घडलं असतं तर तेरा वर्षांच्या मुलाला असं पहाटे बंदूक रोखून नेलं असतं का?"
*विधी शाखेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर*

पुस्तकाप्रमाणे तरी नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. इंग्लंडमध्ये दहाव्या वर्षापासून मुलावर गुन्ह्याचा खटला चालतो आणि खून सिद्ध झाला तर अल्पवयीनालाही जन्मठेपेसारखी बेमुदत कोठडी होते, किमान किती वर्षं ते जज ठरवतो. आपल्याकडे २०१५ चा बाल न्याय कायदा. अठराच्या आतलं मूल 'विधिसंघर्षग्रस्त बालक', लॉकअप नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे, आणि तेराच्या मुलाला खुनातही जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. सोळा ते अठरा आणि गुन्हा अतिगंभीर असेल तरच मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून प्रौढासारखा खटला चालवायचा का ते ठरवतं. पुण्यातल्या २०२४ च्या त्या कार अपघातानंतर ३०० शब्दांच्या निबंधावरून केवढा गदारोळ झाला आणि अचानक सगळे या कायद्याचे तज्ज्ञ झाले, तेव्हा तेराचं वय आणि सतराचं वय यातला फरक चहाच्या टपरीवरही कुणी करत नव्हतं. जेमी आपल्याकडचा असता तर व्हॉट्सॲपने त्याला पहिल्या दिवशीच फाशी दिली असती असं मला वाटतं, मालिकेत निदान व्हॅनवर स्प्रेने लिहिण्यापर्यंतच गेलं.

"मी पंधरा वर्षं लीड्सला आहे. भारतातले मित्र म्हणतात उच्चार कळत नाहीत, सबटायटल लावून बघितलं. मला मात्र चौथ्या भागातलं ते हार्डवेअरचं दुकान सगळ्यात भीतीदायक वाटलं, तुम्हाला?"
*एक मराठी वाचक, इंग्लंड*

मलाही! आणि याबद्दल कुणी बोलतच नाही म्हणून तुमचा मेल घेतला. एडीचा पन्नासावा वाढदिवस, व्हॅनवरचं घाण पुसायला रंग घ्यायला सगळं कुटुंब दुकानात जातं, आणि तिथला कामाला असलेला पोरगा हळूच जवळ येऊन म्हणतो की मी तुमच्या बाजूने आहे, जेमी निर्दोष आहे, पैसे गोळा करू. एडीने स्वतःच्या डोळ्यांनी तो व्हिडिओ बघितलाय. शिव्या देणारा परवडला, हा पाठीराखा कसा झेपायचा? आणि व्हॅनवरच्या त्या शिवीचं स्पेलिंगही चुकलेलं, ते मला तुमच्या भागातल्या एका मैत्रिणीने सांगितलं तेव्हा कळलं.

"माझा मुलगा तेरा वर्षांचाच आहे. त्याला दाखवू का? तिथे तर म्हणे शाळांमधून दाखवतात."
*एक बाबा, रत्नागिरी*

हो, २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर यांनी पाठिंबा दिला आणि नेटफ्लिक्सने तिथल्या माध्यमिक शाळांना फुकट दाखवायची सोय केली. खून प्रत्यक्ष जवळून दाखवलेला नाही, पण शिव्या आहेत, पहिल्या भागात पोलीस ठाण्यातली अंगझडती आहे आणि बोलणं मोठ्यांचं आहे. तुम्ही आधी एकटे बघा. मग दोघं मिळून बघा, मोबाईल बाजूला ठेवून, आणि संपल्यावर लगेच "काय शिकलास" विचारू नका प्लीज. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, पोराने सांगितलं "काही नाही", आणि दार लावून खोलीत गेला. मग हे त्याच्या दाराबाहेर वीस मिनिटं उभे होते, वाजवू का नको वाजवू करत. शेवटी वाजवलं आणि आत जाऊन पलंगावर बसले, बोलले काहीच नाहीत म्हणे, पोरगा गेम खेळत राहिला आणि हे बघत राहिले. गेम काय होता ते अजून कळलेलं नाही त्यांना.